रिट याचिका ८६०: पर्यावरण विषय सक्तीचा झाला, पुढे वर्गात काय झालं?

महाराष्ट्रात बारावी पास झालेल्या मुलाची गुणपत्रिका पाहिली तर त्यावर पर्यावरण शिक्षणाची एक ओळ सापडते. ही ओळ कुठल्याही शिक्षणतज्ज्ञांच्या समितीने सुचवलेली नाही. ती आली एका खटल्यातून: एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार, रिट याचिका (दिवाणी) क्रमांक ८६०, सन १९९१. एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात जाऊन देशातल्या सगळ्या शाळांसाठी एक विषय मागितला आणि न्यायालयाने तो दिला. शालेय शिक्षणात असं फार वेळा घडत नाही.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण पर्यावरण शिक्षणावर बोलताना आपण अजूनही 'विषय सक्तीचा करा' किंवा 'पुस्तकात एक धडा घाला' एवढ्यावरच थांबतो. ती सक्ती होऊन तीन दशकं उलटली. तिचं काय झालं ते तपासण्याइतका काळ आता आपल्या हाताशी आहे. शिवाय त्याच सुमारास आजच्या उत्तराखंडातल्या अल्मोड्याच्या डोंगरातल्या सरकारी शाळांमध्ये हाच विषय अगदी वेगळ्या वाटेने रुजत होता. दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या की दिसतं, सगळा फरक मोजमापाचा आहे. कोणी काय मोजलं, त्यावरून शाळेत काय उरलं ते ठरलं.

मागणी आणि आदेश

मेहतांचं नाव तोवर देशाला माहीत झालं होतं. दिल्लीतली १९८५ ची ओलियम वायुगळती आणि कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांनी केलेली गंगेची दशा, या दोन्ही प्रकरणांत त्यांनी कारखानदार आणि सरकार यांना न्यायालयात उभं केलं होतं. या याचिकेत मात्र बंद करायला कारखाना नव्हता आणि वसूल करायला भरपाईही नव्हती. त्यांचा मुद्दा साधा होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ अ आला आणि वनं, तलाव, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. आता हे कर्तव्य पाळायचं म्हणजे काय करायचं, हे लोकांना कोणी सांगितलं? सांगायचं कुठे? सिनेमागृहात, रेडिओवर, दूरदर्शनवर आणि शाळेत, असं मेहतांचं म्हणणं.

निकाल लागला २२ नोव्हेंबर १९९१ रोजी. सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या निवृत्तीला तेव्हा दोनच दिवस उरले होते. कायदा काय मागतो हे लोकांना ठाऊक नसेल तर त्यांचं वागणं कायद्याला धरून होणार नाही, असा या निकालाचा सूर आहे. आदेश मोठे आणि तपशीलवार होते. सिनेमागृहं, टूरिंग टॉकीज आणि व्हिडिओ पार्लर यांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या, आणि ही परवान्याचीच अट असेल. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी रोज पाच ते सात मिनिटं द्यायची, आठवड्यातून एकदा मोठा कार्यक्रम करायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी अभ्यासक्रमाचा विचार करायचा. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे राज्य सरकारांनी आणि परीक्षा मंडळांनी शाळेच्या पातळीवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायचं. ते इयत्तेनुसार पायरीपायरीने द्यायचं आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करायचं. गरज पडली तर पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवून याचिका निकाली निघाली.

या आदेशामागची आस्था खरी होती, हे आधी मान्य करायला हवं. जत्रेत तंबू ठोकून बसलेल्या सिनेमावाल्यापर्यंत न्यायालयाचा विचार पोहोचला होता. शहरातल्या इंग्रजी शाळेपुरतं कोणी पाहिलं नव्हतं.

बारा वर्षं

'पुढचं शैक्षणिक वर्ष' म्हणजे जून १९९२. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं मूल मार्च २००४ मध्ये बारावीची परीक्षा देऊन शाळेच्या व्यवस्थेतून बाहेर पडलं. न्यायालयाने मागितलेला पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम त्यानंतर, म्हणजे जुलै २००४ मध्ये मंजूर झाला. मुलांची एक पूर्ण पिढी आदेश आणि अभ्यासक्रम यांच्या मधल्या फटीतून निघून गेली.

यात सगळा दोष आळसाचा नव्हता. राज्यांचं आणि मंडळांचं म्हणणं असं की पर्यावरण पुस्तकांत आहेच. ते खोटंही नव्हतं. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पर्यावरणाची जाणीव सर्व स्तरांवर द्यायला सांगितलं होतं. प्राथमिकला परिसर अभ्यास होता, भूगोलात जंगलं होती, विज्ञानात अन्नसाखळी आणि प्रदूषण होतं. मग वेगळं आणखी काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकं उघडूनच मिळणार होतं आणि ते काम पुण्यात झालं. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेने राज्याराज्यांची पाठ्यपुस्तकं घेऊन त्यांत पर्यावरणाचा भाग किती, कसा आणि कुठे आहे हे पाहिलं. संस्थेचे प्रमुख एरच भरुचा पेशाने शल्यचिकित्सक आणि वृत्तीने निसर्ग अभ्यासक. मजकूर आहे, पण विस्कळीत आहे. काही ठिकाणी चुकीचा आहे. आणि मुलाच्या स्वतःच्या गावाशी त्याची गाठ पडत नाही, असं चित्र समोर आलं. पुढे केंद्राच्या प्रकल्पातून आठ राज्यांत सहावी ते आठवीची पुस्तकं या दृष्टीने सुधारून पाहिली गेली. त्या आठांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते.

दरम्यान पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. शाळाशाळांत मंडळं काढायची आणि त्यांनी पर्यावरणाची कामं करायची. आपल्याकडे ही योजना सामाजिक वनीकरण विभागाकडे आली. शाळेला काही काळ वर्षाला २,५०० रुपये मिळत. ५० मुलांचं मंडळ धरलं तर मुलामागे वर्षाला ५० रुपये. एवढ्या पैशांत ज्या शिक्षकांनी रोपवाटिका उभ्या केल्या आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते काम त्या शिक्षकाच्या हौसेवर चालायचं. त्याची बदली झाली की मंडळाचा फलक भिंतीवर राहायचा आणि रोपवाटिका वाळायची.

न्यायालय पुन्हा

आदेश पाळला जात नाही म्हणून मेहता २००३ मध्ये पुन्हा न्यायालयात गेले. या वेळी न्यायालयाने राज्यांकडून प्रतिज्ञापत्रं मागवली. १८ डिसेंबर २००३ च्या आदेशात एनसीईआरटीला, म्हणजे शालेय अभ्यासक्रम आणि पुस्तकं तयार करणाऱ्या केंद्राच्या संस्थेला, पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करायला सांगितलं आणि त्यासाठी १४ एप्रिल २००४ ही मुदत दिली. अभ्यासक्रम तयार झाला. १३ जुलै २००४ रोजी न्यायालयाने तो स्वीकारला, राज्यांनी तो लागू करावा असं सांगितलं आणि देखरेखीची जबाबदारी एनसीईआरटीवर टाकली. पदवीच्या मुलांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम त्याच सुमारास आला. त्याचं पुस्तक भरुचांनी लिहिलं आणि त्यात तासांच्या जोडीला प्रत्यक्ष क्षेत्रभेट ठेवली.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. न्यायालयाच्या हातात काय असतं? कागद. राज्याने काय केलं हे न्यायालयाला प्रतिज्ञापत्रातून कळतं. प्रतिज्ञापत्रात काय लिहिता येतं? अभ्यासक्रम काढला, पुस्तक छापलं, परिपत्रक पाठवलं, अमुक इयत्तांना विषय लागू केला. हे सगळं मोजता येतं, त्याला तारीख आणि जावक क्रमांक असतो. सातवीतल्या मुलीला आपल्या गावच्या ओढ्याचं पाणी कुठून येतं हे कळलं की नाही, हे प्रतिज्ञापत्रात लिहिता येत नाही. न्यायालयाने जे मोजलं ते राज्यांनी दिलं. यात न्यायालयाची चूक काढता येणार नाही, त्या साधनाची मर्यादाच ती आहे. पण पुढच्या पंधरा वर्षांत आपण शिक्षणवाल्यांनीही तेच साधन उचललं, हे मात्र मला खटकतं.

खरं तर लगेच दुसऱ्या वर्षी वेगळी दिशा समोर आली होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी जे अभ्यासगट नेमले, त्यांतला 'परिसर आणि शिक्षण' या विषयावरचा गट पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली होता. पर्यावरण हा वेगळा विषय करून मुलांच्या दप्तरात आणखी एक पुस्तक कोंबण्याऐवजी तो सगळ्या विषयांत मिसळावा, असा आराखड्याचा कल. गाडगीळांच्या गटाने त्यापुढे पाऊल टाकलं. मुलांनी आपल्या भागातल्या झाडांची, पाण्याची, प्राण्यांची, जमिनीची खरी माहिती गोळा करावी, ती शिक्षकाच्या टेबलावर गुण मिळवून संपू नये, सगळ्यांना पाहता येईल अशा संग्रहात जावी आणि गावाच्या जैवविविधता नोंदवहीला उपयोगी पडावी, अशी ती कल्पना. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला होता, गावोगावी अशा नोंदवह्या करायच्या होत्याच. शाळेला काम आणि गावाला नोंद, दोन्ही एकदम साधलं असतं.

ते बहुतेक ठिकाणी झालं नाही. या नोंदवह्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण त्यात तीच गोष्ट पुन्हा घडली. वर्षानुवर्षं नोंदवह्या निघेनात म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सगळ्या स्थानिक संस्थांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली. त्यानंतर उशिराबद्दल राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरपाईची तंबी दिली. मग घाईघाईने नोंदवह्या तयार झाल्या. त्या किती गावांत लोकांनी बसून केल्या आणि किती बाहेरून भरून आणल्या, हे त्या त्या गावात विचारलं की कळतं.

महाराष्ट्रात: ६५० गुणांची गोष्ट

आपल्या राज्याने न्यायालयाचा आदेश अकरावी-बारावीला ठळकपणे लागू केला. पर्यावरण शिक्षण हा ५० गुणांचा सक्तीचा विषय झाला. बारावीचे एकूण गुण ६५० असायचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल, त्यातले वरचे ५० पर्यावरणाचे. मूल्यमापन अंतर्गत, म्हणजे कॉलेजच्याच हातात. सहा विषय १०० गुणांचे, त्यांत एकेका गुणासाठी मारामार. आणि हे ५० गुण मुलाची टक्केवारी वर नेणारे. कॉलेज ते कमी कशाला देईल? पालक कमी का पडले म्हणून विचारायला येतील, शेजारचं कॉलेज भरभरून देत असेल, आणि टक्केवारीवर पुढचे प्रवेश ठरणार. त्यामुळे ५० पैकी ४५ च्या पुढचे गुण ही अपेक्षाच होऊन बसली. गुण सगळ्यांनाच मिळाले की ते काहीच सांगत नाहीत.

शिकवायचं कोणी, हा त्याहून जुना प्रश्न. या विषयासाठी स्वतंत्र पद क्वचितच मिळालं. वेळापत्रक लावताना ज्या शिक्षकाचा कार्यभार भरत नाही त्याला पर्यावरणाच्या तासिका द्यायच्या, ही सर्रास रीत. कधी भूगोलाचे सर, कधी जीवशास्त्राच्या मॅडम, कधी इतिहासाचे. त्यांतल्या अनेकांनी जीव ओतून शिकवलं. पण आपला मूळ विषय परीक्षेला आहे आणि हा नाही, हे त्यांनाही माहीत आणि मुलांनाही.

प्रकल्प वही हातात घेतली की हे सगळं एका ठिकाणी दिसतं. वहीला रंगीत कागदाचं वेष्टण, पहिल्या पानावर प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, मग 'प्रस्तावना', 'उद्दिष्टे', 'निरीक्षणे', 'निष्कर्ष'. विषय 'आमच्या परिसरातील जलप्रदूषण'. निरीक्षणांत नदीचं नाव नाही. नमुना कुठून घेतला, कोणत्या महिन्यात, पाणी वाहत होतं की साचलेलं, याचा उल्लेख नाही. त्याऐवजी औद्योगिक सांडपाण्याचे पाच दुष्परिणाम, चार उपाय आणि छापील चित्रं कापून चिकटवलेली. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वहीतही तेच पाच आणि तेच चार, कारण दोघांनी एकाच दुकानातून तयार मजकूर आणला. मुलं आळशी नाहीत. एवढ्या वह्या तपासणारा एकच शिक्षक आहे, तो निरीक्षण खरं की खोटं बघणार नाही, रकाने भरले की नाहीत एवढंच बघणार, हे त्यांनी अचूक ओळखलेलं असतं. या वह्या दरवर्षी लाखोंनी तयार होतात. एवढ्या मुलांनी आपापल्या गावातली एक खरी नोंद केली असती तर आज राज्याकडे काय साठा असता, या विचाराने जीव हळहळतो.

पुढे अभ्यासक्रम बदलला. विषयाचं नाव 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' झालं, गुणांऐवजी श्रेणी आली आणि २०२१ पासून बारावीचे एकूण गुण ६०० झाले. नववी-दहावीलाही जलसुरक्षा हा श्रेणी विषय आला. फुकटच्या गुणांचा फुगवटा गेला हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर विषयाचं उरलंसुरलं वजनही उतरलं. पाण्याची पुस्तकं मी वाचली आहेत. भूजल, पाणलोट, पाण्याचा ताळेबंद, पाण्याचे वाद, हे सगळं त्यांत नीट मांडलं आहे. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. वेळापत्रकात त्याला मिळालेला तास वर्षअखेरीस गणिताचा जादा तास होतो, ही तक्रार आहे.

अल्मोड्यात भारा तोलला

आता दुसरी वाट. १९८६ च्या धोरणानंतर केंद्राने शालेय शिक्षणाला पर्यावरणाची दिशा देण्याची एक योजना काढली आणि स्वयंसेवी संस्थांना त्यात घेतलं. तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या डोंगरी जिल्ह्यांत हे काम अल्मोड्याच्या उत्तराखंड सेवा निधीकडे आलं. साल १९८७. संस्थेमागे भैरवदत्त पांडे होते, ज्यांनी सनदी सेवेनंतर पश्चिम बंगाल आणि पंजाबचं राज्यपालपद सांभाळलं होतं. काम उभं केलं ललित पांडे यांनी. त्यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली.

हा चिपकोचा मुलूख. १९७३ पासून इथल्या बायाबापड्यांनी झाडांसाठी लढे दिले होते, त्यामुळे जंगल म्हणजे काय हे लोकांना शिकवण्याची गरज नव्हती. अडचण वेगळीच होती. शाळा मुलाला डोंगरातून उठवून सपाटीवरच्या नोकरीसाठी तयार करत होती. पुस्तकातल्या जगात त्याचं गावच नव्हतं. घरी आई पहाटे उठून गवत आणि लाकूडफाटा आणायला चढण चढते, आणि मूल शाळेत भलत्याच प्रदेशाचे धडे पाठ करतं.

संस्थेने सहावी, सातवी आणि आठवीसाठी 'हमारी धरती हमारा जीवन' या कार्यपुस्तिका तयार केल्या. शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं. शाळांत त्या वापरून पाहिल्या आणि अनुभवावरून पुन्हा पुन्हा लिहिल्या. मध्यवर्ती विषय एकच: आपलं गाव ही एक जिवंत व्यवस्था आहे. शेत आहे, पण शेत एकटं जगत नाही. त्याला खत लागतं, खत गुरांकडून येतं, गुरांना चारा लागतो, चारा गावाभोवतीच्या कुरणातून आणि जंगलातून येतो. म्हणजे शेताला आधार देणारी जमीन शेताबाहेर आहे, आणि ती उजाड झाली तर शेत कितीही राबून सुधारणार नाही.

हे नुसतं सांगितलं तर धडा होतो. पुस्तिकेने मुलांना ते मोजायला लावलं. घरी रोज किती लाकूड जळतं? आईने आणलेला भारा ताणकाट्याला लावा, आकडा लिहा. गुरांना किती गवत घातलं? तोला. घरं किती, गुरं किती? गुणाकार करा. मग डोंगरउतारावर थोडी जागा आखून घ्या, तिथलं गवत कापून तोला, आणि गावच्या सगळ्या कुरणात किती निघेल याचा हिशोब करा. एका बाजूला गावाची गरज, दुसऱ्या बाजूला जमिनीची देण्याची ताकद. दोन्ही आकडे मुलाच्याच वहीत, त्याच्याच हस्ताक्षरात. ते जुळत नाहीत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. चराई थांबवलेल्या तुकड्यात गवत किती वाढतं हेही तोलून कळतं, म्हणजे उपायाचाही आकडा मिळतो.

मला या रचनेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की इथे नक्कल करून भागत नाही. शेजारच्या मुलाच्या घरात गुरं वेगळी, माणसं वेगळी, चूल वेगळी. आकडा आणायचा तर आईशी बोलावंच लागतं. आणि ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं, त्या भाऱ्याचं वजन शाळेच्या वहीत लिहिलं जातं. संस्थेचं काम बालवाड्यांत आणि महिलांच्या गटांतही चालू होतं, त्यामुळे मुलांनी काढलेले हिशोब ऐकायला गावात तयार कानही होते.

हा विषय तिथे वेगळ्या तासाचा होता आणि त्याची परीक्षाही होई. 'परीक्षा नको, अनुभव हवा' असं आपल्याकडे उत्साहाने म्हटलं जातं, त्याला हे उत्तर आहे. शाळेत ज्याला तास आहे आणि ज्याची तपासणी होते तेच टिकतं. फक्त तपासायचं काय, हे तिथे नीट ठरवलेलं होतं. ९ नोव्हेंबर २००० ला उत्तराखंड वेगळं राज्य झालं आणि त्यानंतर हा अभ्यासक्रम राज्याच्या शाळांसाठी स्वीकारला गेला. संस्थेची माणसं ज्या शाळांपर्यंत पायी पोहोचत होती तिथली गोष्ट आणि राज्यभर पसरल्यावरची गोष्ट एकच मानता येणार नाही. मोठ्या व्यवस्थेत गेल्यावर कोणताही उपक्रम थोडा पातळ होतोच. तरीही ही पुस्तिका खालून वर गेली, आधी वर्गात सिद्ध झाली आणि मग सरकारी झाली. याचिका ८६० चा प्रवास नेमका उलटा होता.

आपल्याकडे काय करता येईल

'ते डोंगरातलं छोटं राज्य, महाराष्ट्र केवढा' असा आक्षेप नेहमी येतो. पण स्थानिक पुस्तक काढणं आपल्याला नवं नाही. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळं काढलं. गडचिरोलीच्या मुलाला गडचिरोली आणि सिंधुदुर्गाच्या मुलीला सिंधुदुर्ग वाचायला मिळाला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी जे जमलं ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी का जमू नये? मोठ्या इयत्तेत गेल्यावर आपण मुलांकडून त्यांचं गाव काढून घेतो आणि हातात 'जागतिक तापमानवाढ' देतो. ते कळायलाही आधी स्वतःच्या हाताने काहीतरी मोजलेलं असावं लागतं.

भारा तोलणं हा अल्मोड्याचा प्रश्न होता. आपला प्रश्न पाण्याचा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. राज्यातल्या ४० हजारांवर गावांच्या मानाने या विहिरी फार थोड्या आहेत. बहुतेक गावांना आपल्या स्वतःच्या विहिरीची मागच्या दहा वर्षांची पातळी माहीत नाही. म्हाताऱ्या माणसांना आठवतं, पण कागदावर काही नाही. नववीच्या जलसुरक्षेच्या तासाला त्याच चार महिन्यांत गावातल्या पाच-सहा विहिरी मोजायच्या ठरवल्या तर खर्च काय? टेप, टोकाला बांधायला वजन, पावसाळ्यासाठी एक पर्जन्यमापक आणि जाड पुठ्ठ्याची एक वही. कठडा असलेल्याच विहिरी निवडायच्या आणि शिक्षक बरोबर हवेतच. वही मुलाची नसेल, शाळेची असेल. दरवर्षीची नववी त्याच वहीत पुढची पानं भरेल. श्रेणी द्यायची ती नोंद पूर्ण आहे का आणि मागच्या वर्षाशी तुलना करून मुलाने स्वतः काय लिहिलं, यावर.

हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवण्याची रीत घालून दिली, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्या ताळेबंदाला रोजच्या पावसाचे आणि विहिरींच्या पातळीचे आकडे लागतात. बाकीच्या गावांत ते आकडे द्यायला शाळेहून योग्य जागा मला दिसत नाही. ऑक्टोबरची पातळी मुलांनी रब्बीच्या आधीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. तिथे मोठी माणसं आकड्यांवर वाद घालतील, 'त्या दिवशी आमची मोटर चालू होती' म्हणतील, पुन्हा मोजायला लावतील. त्या वादाइतकं चांगलं मूल्यमापन कुठल्या परीक्षकाला जमणार?

यासाठी नवा कायदा नको, न्यायालयात जायला नको, नवं पुस्तकही नको. शिक्षण विभागाने वर्षातून चार अर्धे दिवस या कामाला अधिकृतपणे द्यावेत आणि भूजल यंत्रणेच्या तालुक्यातल्या माणसाने वर्षातून एकदा शाळेची वही तपासून सही करावी. पुढे ते आकडे जिल्ह्याच्या नोंदीत घ्यावेत. शिक्षकाकडून मात्र फोटो आणि अहवाल मागू नयेत. आज प्रत्येक झाड लावल्याचा फोटो पोर्टलवर चढवण्यात त्याचा जो वेळ जातो, तोच इथे वळवायचा आहे.

एक अडचण खरी आहे आणि ती आधीच सोडवायला हवी. चार मोजण्यांपैकी सगळ्यांत महत्त्वाची मे महिन्याची, कारण पातळी तेव्हा तळाला असते, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी असते. शिक्षक गावी गेलेले, मुलं मामाकडे. त्यामुळे ही एक नोंद ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी आणि गावातच राहणारी दोन-तीन मुलं यांच्यावर सोपवावी लागेल. त्यांची नावं एप्रिलमध्येच वहीत लिहून ठेवावी लागतील आणि टेप शाळेच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता पंचायतीत ठेवावी लागेल.